मागच्याइतकीच माणसं

मंगळवार होता, पहाटेपासून वारा सुटला होता. थंड म्हणावा तर थंड नाही, पण अंगाला खरखरीत लागणारा, रस्त्यावरची धूळ उचलून नेमकी माणसाच्या डोळ्यांत टाकणारा. अशा दिवशी मोजणीबाईचं पहिलं काम म्हणजे कागद बांधणं. जाड पुठ्ठ्यावर तक्ता, त्याला दोन्ही बाजूंनी चिमटे, वरून रबराचे दोन वेढे, आणि पेन्सिल सुतळीने पुठ्ठ्यालाच बांधलेली. पेन तिने कधीच सोडलं होतं. पेनाच्या तोंडाशी धूळ बसते, पावसात शाई पसरते आणि खोटं लिहिलं तर खोडता येत नाही, असं ती सांगायची. तिसरं कारण ती हसत सांगायची. त्या मंगळवारनंतर तिने ते सांगायचं सोडून दिलं.

"आज तरी बसने जा गं," सासूबाई खिडकीजवळच्या खुर्चीतून म्हणाल्या. "गुडघा बघ, भोपळा झालाय."

"उतरलाय आता, आई."

"उतरलाय म्हणे. मघाशी पायरी उतरलीस तेव्हा तुझं तोंड बघितलं मी. लिंबू चावल्यासारखं झालं होतं."

"ते तोंड तसंच आहे माझं. लग्नाच्या वेळी नीट बघायचं होतंत."

सासूबाई खुदकन हसल्या आणि बाई पुठ्ठा काखेत मारून बाहेर पडली.

शहर आणि त्याला चिकटलेली नऊ गावं मिळून जो अवाढव्य पसारा झाला होता, त्याची तब्येत कशी आहे हे दर महिन्याला एका कागदावर सांगणारं एक कार्यालय होतं. वैद्याने नाडी धरावी, जीभ बघावी, तसं हे कार्यालय पाच-सहा गोष्टी बघायचं. कामावर माणसं किती, कारखान्यांनी वीज किती ओढली, माल भरलेल्या गाड्या किती निघाल्या, नवी बांधकामं किती सुरू झाली, दुकानांची किती दारं खाली ओढलेली. चौथ्या मजल्यावरची शिकलेली माणसं ते सगळं एकत्र करून त्याचा एक आकडा काढत. तो वर्तमानपत्रात यायचा, त्याच्यावर मोठी माणसं भाषणं करायची. त्या आकड्याची मुळं मात्र बाईच्या चपलांत होती.

पूर्वेकडचा सगळा भाग तिचा. चौसष्ट लहानमोठे कारखाने. दर महिन्याच्या दहा तारखेला कोण किती माणसांनिशी चालू होतं हे तिने दारोदार जाऊन विचारायचं, हजेरीचा फळा बघायचा आणि लिहायचं. तेवीस वर्षं ती हे करत होती. तिचं खरं नाव फार तर तिच्या नवऱ्याला आठवत असेल. कारखान्यांत ती शिरली की कोणीतरी ओरडायचं, "आली रे मोजणीबाई, पोट आत घ्या, नाहीतर एकाचे दोन धरेल!"

कामाची एक रीत होती. एखाद्या ठिकाणी कुलूप असलं, कोणी भेटलं नाही, तर त्या चौकटीत 'मागच्याइतकेच' असं लिहायचं आणि मागच्या महिन्याचा आकडा पुढे आणायचा. हे दोन महिने चालायचं. तिसऱ्या महिन्याला स्वतः जाऊन, शेजारच्या दोघांना विचारून, कारखाना जिवंत आहे की मेला ते लिहायलाच लागायचं. पण समोरून कोणी उत्तर दिलं, मग ते फोनवर का असेना, तर तो ताजा आकडा. ताज्या आकड्याला ही मुदत लागू नव्हती.

पाच महिन्यांपूर्वी बाईचा गुडघा सुजला. तेव्हापासून सपाटीवरचे पन्नास कारखाने ती पायी करायची आणि चढावरचे नि जिन्यावरचे चौदा फोनवर. चौदा ठिकाणचे नंबर तिच्याकडे होतेच. "किती माणसं?" असं विचारायचं, पलीकडून उत्तर यायचं, लिहून टाकायचं. काम भरभर व्हायचं. कार्यालयात कोणाला कळायचं कारण नव्हतं आणि कळलं असतं तरी कोणी काही म्हटलं नसतं. बाकीचे मोजणीवालेही थोडंफार तेच करायचे.

आज गुडघा बरा वाटत होता म्हणून ती बटणांच्या कारखान्याचा चढ चढायला लागली. एकशे अठरा माणसांचा कारखाना, तिच्या भागातला सगळ्यात मोठा. कोपऱ्यावरच्या पाण्याच्या टाकीपाशी आलं की त्याच्या दाबयंत्रांचा धडधड आवाज तळपायातून वर यायचा. टाकी आली. तळपायाला काहीच लागलं नाही. 'वाऱ्याने आवाज तिकडे जात असेल,' ती स्वतःशी म्हणाली, आणि म्हणता म्हणताच तिला कळलं की जमिनीतून येणाऱ्या आवाजाला वारा काय करणार.

फाटक उघडंच होतं. आवारात माल चढवायच्या यारीला राखणदाराचे दोन सदरे आणि एक लुंगी वाळत घातली होती. राखणदार पायरीवर बसून दाढी करत होता. बाईला बघितल्यावर त्याचा हात हनुवटीवरच थांबला.

"ताई? तुम्ही इकडे कशा काय?"

"चालत," बाई म्हणाली. "यंत्रं बंद का, मामा?"

"आज... आज जरा..."

"यारीवर लुंगी वाळतेय मामा. ही आजची गोष्ट नाही."

राखणदाराने वस्तरा पाण्यात बुडवला, झटकला, पुन्हा बुडवला. "सव्वाचार महिने झाले," तो शेवटी म्हणाला. "मी आहे, आणि यंत्रांना तेल घालायला दोघं येतात. विकायची आहेत ना ती. मालकांनी सांगून ठेवलंय, कोणाचाही फोन आला तर चालू आहे म्हणायचं. बंद कारखान्याच्या यंत्रांना भंगाराचा भाव येतो."

"आणि मला काय सांगत होतात दर महिन्याला?"

"तुम्ही विचारायचात, 'मागच्याइतकीच ना मामा?' मी म्हणायचो, हो." त्याने साबण लागलेलं तोंड वर केलं. "खरं सांगू का ताई, तुम्ही माझ्या तोंडात उत्तर घालूनच द्यायचात. मला फक्त गिळायचं असायचं."

तो खरं बोलत होता. आपण तसंच विचारत होतो. घाईत, एका हाताने गुडघ्याला शेक देता देता.

ती पायरीवर बसली. सव्वाचार महिने म्हणजे चार तक्ते. चार तक्त्यांत तिने एकशे अठरा माणसांना रोज सकाळी कामाला पाठवलं होतं.

तेवढ्यात फाटकातून एक उंच, हाडापेराने मोठी बाई आत आली. ही इथली मुकादमबाई. एकोणीस वर्षं बटणांच्या निवड-विभागाची मुकादम, पन्नास बायकांवर हुकूम चालवलेली. बाईची तिची दर महिन्याची ओळख.

"यंत्रं गेली का?" तिने राखणदाराला विचारलं, मग मोजणीबाईकडे बघितलं. "काय हो, आज कोणाला मोजायला आलात? कावळ्यांना?"

"तुम्ही कशा इथे?"

"दर मंगळवारी येते. यंत्रं विकली की उरलेला हिशेब देईन म्हणालाय मालक. तोपर्यंत हे," असं म्हणून तिने पिशवीतून एक घडी घातलेलं पत्र काढलं. घड्यांवर ते फाटायला आलं होतं. "वाचा. शिकलेल्या आहात. मला तर त्यातलं एकच वाक्य समजलंय, पण तेवढं पुरलं."

पत्र मदत केंद्रं चालवणाऱ्या खात्याचं होतं. एखाद्या भागातले कामावरचे लोक सहा महिन्यांत एक दशांशाने घटले, तर तिथे केंद्र उघडायचं, काम गेलेल्यांना नवं काम शिकवायचं आणि तोवर निम्मा पगार द्यायचा, असा नियम होता. मुकादमबाईने एक्क्याऐंशी बायाबापड्यांच्या सह्या आणि अंगठे गोळा करून दोनदा अर्ज केला होता. दोन्ही वेळा उत्तर तेच. 'आपल्या भागातील कामगारसंख्येत लक्षणीय घट आढळून येत नाही.'

"आढळून येत नाही म्हणे," मुकादमबाई म्हणाली. "एकदा येऊन बघा म्हणावं, ठेच लागून पडाल आमच्यावर. कोण लिहितं हो हे? कोणत्या मुडद्याच्या हातात पेन दिलंय यांनी?"

राखणदार एकदम आत गेला. त्याला तोंड धुवायचं होतं.

बाईने पत्राची होती तशी घडी घातली. आपण सांगितलं नाही तर हिला कळणार नाही, हे तिच्या मनात येऊन गेलं. नंतर तिने सासूबाईंना तेही सांगितलं. पण ते आलं आणि गेलं.

"मी लिहिते," ती म्हणाली.

"काय?"

"हा आकडा मी लिहिते. पाच महिने मी इथे आलेच नाही. फोन करायचे, मागच्याइतकीच ना, असं विचारायचे आणि लिहायचे. तुमची सगळी माणसं माझ्या कागदावर कामावर आहेत. तुम्हीसुद्धा."

मुकादमबाई तिच्याकडे नुसती बघत राहिली. शिव्या देईल, थोबाडीत मारेल, काहीही करेल असं वाटण्यासारखा तो चेहरा होता. मग ती अगदी हळू म्हणाली, "मी कामावर आहे होय? कळवायचं तरी. डबा घेऊन आले असते."

त्याच दुपारी बाई चौथ्या मजल्यावर साहेबांसमोर उभी होती. साहेब माणूस वाईट नव्हता. चष्मा कपाळावर ठेवून तो शोधणारा, बाईला कधी 'अगं-तुगं' न केलेला. त्यांनी तिचं सगळं ऐकून घेतलं, चष्मा शोधून डोळ्यांवर ठेवला.

"एकट्या बटणांचा प्रश्न आहे की चौदाही?"

"चौदाही बघायला लागतील."

"बाई, हे बघा." त्यांनी भिंतीवरच्या आलेखाकडे पेन्सिल नेली. पूर्व भागाची रेघ आडवी, शांत, झोपलेल्या माणसासारखी. "आता एकदम शंभर-दीडशे माणसं कमी केली तर ही रेघ इथून धाडकन इथे येणार. वरून विचारणा होणार. मग तुमचं नाव. तुमच्या नेमणुकीचं नूतनीकरण दोन महिन्यांवर आलंय. त्यापेक्षा दर महिन्याला पंधरा-वीस उतरवू. सहा-आठ महिन्यांत रेघ आपोआप खरी होईल. कोणाला धक्का नाही, कोणाला त्रास नाही."

"हळूहळू उतरवली तर कुठल्याच सहा महिन्यांत दशांश भरणार नाही, साहेब."

साहेबांनी पेन्सिल टेबलावर ठेवली. हे त्यांच्या लक्षात आलं नव्हतं असं नाही.

"माणसं एका दिवसात घरी गेली," बाई म्हणाली. "कागदावर हप्त्याहप्त्याने कशी जातील?"

"तक्ता शुक्रवारी दुपारी बाराला बंद होतो. मागच्या महिन्यांची दुरुस्ती तेव्हाच घेता येते, नाहीतर थेट वर्षअखेर. चौदा ठिकाणं, प्रत्येक ठिकाणी स्वतः जाऊन, दहा तारखेची हजेरी, दोन शेजाऱ्यांच्या सह्या. मध्ये फक्त दोन दिवस आहेत. तुमचा गुडघा..."

"गुडघ्यानेच तर हे सगळं केलंय," बाई म्हणाली. "आता निस्तरू दे त्याला."

खाली उतरताना तिने गणित मांडलं. सहा महिन्यांपूर्वी, तिची शेवटची पूर्ण पायी फेरी झाली तेव्हा, चौसष्ट कारखान्यांत मिळून बरोब्बर दोन हजार माणसं. केंद्र उघडायला दोनशे कमी व्हायला हवीत. पायी केलेल्या पन्नास कारखान्यांत अठ्ठावीस कमी झालेलीच होती. बटणांचे तिघे उरले, म्हणजे एकशे पंधरा कमी. एकशे त्रेचाळीस झाले. आणखी सत्तावन्न.

मग तिने स्वतःलाच दटावलं. सत्तावन्न शोधायला जायचं नाही. असतील तेवढे मोजायला जायचं.

बुधवारी सकाळी कोपऱ्यावर मुकादमबाई उभी होती, पायात बूट, डोक्याला रुमाल बांधलेला.

"शेजाऱ्यांच्या सह्या लागतात ना? तुमच्या तोंडाकडे बघून कोण देईल? सरकारी काम म्हटलं की लोक आतून कडी लावतात. मी येते."

"तुम्ही बोलायचं नाही. आकडा मी विचारणार."

"बरं. मी फक्त कडी उघडायला लावते."

दोघी चढ चढल्या, उतरल्या, पुन्हा चढल्या. लेबलांच्या छापखान्याला कुलूप, कुलपावर कोळ्याचं जाळं. शेजारचा शिंपी म्हणाला, तीन महिने झाले, सत्तावीसच्या सत्तावीस घरी. फोन मात्र उचलला जायचा. नंबर छापखान्याच्या मालकाच्या घरचा होता आणि त्याची म्हातारी सासू प्रत्येक गोष्टीला हो म्हणायची. बाईने शिंप्याची सही घेतली. पाच महिन्यांत ती त्या म्हातारीशी किती आपुलकीने बोलली होती!

ब्रशांच्या कारखान्यात बावीसचे नऊ उरलेले. म्हातारा मालक दारातच म्हणाला, "नऊ लिहा. मांजर धरलं तर दहा. उंदरांवर हजेरी लावतं, सुट्टी घेत नाही." मग आवाज खाली आणून म्हणाला, "हा महिना कसाबसा काढतो बाई. पुढचं काही सांगत नाही." त्याच्या मागे नऊ जण केसांच्या जुड्या बांधत होते. त्यांतल्या एकानेही मान वर केली नाही, पण सगळ्यांचे हात क्षणभर थांबले.

कुठे तीन कमी, कुठे पाच, कुठे जैसे थे. एका स्प्रिंगवाल्याने तिला बघितल्या बघितल्या विचारलं, "कमी लिहिले तर मदत मिळते म्हणे? मग लिहा की सगळे गेले. मी माणसं मागच्या दाराने बाहेर काढतो, हवं तर." बाईने हजेरीच्या फळ्याकडे बोट केलं आणि सोळा लिहिले. मुकादमबाई पलीकडे तोंड करून उभी राहिली. तिच्या जबड्याचं हाड हलत होतं.

गुरुवारी संध्याकाळपर्यंत चौदाही झाले. शेवटचा कारखाना डब्यांचा, पत्र्याचे डबे करणारा. तिथे धंदा वाढला होता. सोळाचे एकवीस झालेले. मालक हरखून बाईला पाणी विचारत होता. बाहेर येऊन दोघी एका बंद दुकानाच्या कट्ट्यावर बसल्या. बाईने बेरीज केली, खालून वर केली, वरून खाली केली.

"दोनशे दोन," ती म्हणाली.

मुकादमबाईने डोळे मिटून घेतले. पन्नास बायकांना धाकात ठेवणारी ती बाई रुमालाच्या टोकाने नाक पुसत राहिली. "चला," ती शेवटी म्हणाली. "चहा पाजते. आज नाही म्हणायचं नाही."

पण बाई उठली नाही. ती डब्यांच्या कारखान्याकडे बघत होती. दाराच्या बाजूने एक अरुंद लोखंडी जिना वर गेला होता. वरच्या खिडकीत दिवा होता.

"वर काय आहे?" ती म्हणाली.

"असेल गोदाम."

"गोदामात दिवा कशाला?"

"बाई," मुकादमबाईचा आवाज बदलला. "खालचा फळा बघितलात. मालकाने सांगितलं एकवीस. दोघांच्या सह्या झाल्यात. झालं."

"मी खालीच विचारलं. गुडघा दुखत होता म्हणून जिना टाळला." बाई उभी राहिली. "पाच महिने हेच केलंय मी."

"एक्क्याऐंशी जणं आहेत माझ्या यादीत! एकीच्या घरात कमावणारं कोणी नाही, एकीला दोन लहान पोरं. त्यांना जाऊन सांगू की मोजणीबाईला वरचा दिवा दिसला?"

बाईने पुठ्ठा काखेत घेतला आणि कठड्याला धरून एकेक पायरी चढायला लागली. प्रत्येक पायरीला दोन्ही पाय टेकवत, लहान मूल चढतं तशी. सोळा पायऱ्या होत्या. वर एका लांब टेबलाभोवती पाच बाया डब्यांना झाकणं बसवत होत्या. दीड महिन्यापूर्वी ठेवलेल्या, हजेरी वेगळ्या वहीत. दहा तारखेला पाचही हजर.

"काय बाई, लागलं का पायाला?" एकीने विचारलं. "बसा की."

"नको," बाई म्हणाली. "बसले तर उठणार नाही."

ती खाली आली तेव्हा कट्टा रिकामा होता. एकशे सत्त्याण्णव. तीन माणसांनी राहिलं.

घरी सासूबाईंनी तिचा पाय मांडीवर घेतला आणि तेल चोळत सगळं ऐकलं. मध्ये एक अक्षर बोलल्या नाहीत, ही त्यांच्या आयुष्यातली मोठी गोष्ट. शेवटी म्हणाल्या, "म्हणजे नाव तुझं खराब होणार, आणि मिळणार कोणालाच काही नाही."

"हो."

"मग कशाला चढलीस?"

"चढले नसते तर उद्या कोणी चढलं असतं, आई. मग ते म्हणाले असते, बाकीचे तेराही असेच लिहिलेत. एकशे सत्त्याण्णव खरी माणसं घरी बसलीत, त्यांनाही खोटं ठरवलं असतं."

"आणि तुला?"

"मला आता फोनवर कोणी हो म्हटलं की ऐकू येतं ते," ती म्हणाली. "हो-च्या मागचं रिकामं."

शुक्रवारी पावणेबाराला तिने दुरुस्तीचे चौदा कागद साहेबांच्या टेबलावर ठेवले. साहेबांनी सह्या तपासल्या, बेरीज बघितली, तिच्याकडे बघितलं.

"तीन माणसं, बाई. फक्त तीन. केंद्र उघडणार नाही."

"माहीत आहे."

"आणि रेघ मात्र आपटणार."

"आपटू दे. पडलेल्याला पडला म्हणावं. नाहीतर उचलायला कोण येणार?"

साहेबांनी सही केली. खाली 'क्षेत्रकर्मचाऱ्याची त्रुटी' असं लिहावं लागलं, ते त्यांनी लहान अक्षरांत लिहिलं. मग कारकुनाला हाक मारून त्यांनी बाकीच्या भागांच्या मोजणीवाल्यांसाठी एक आदेश सांगायला सुरुवात केली. फोनवर घेतलेला आकडा यापुढे ताजा धरू नये, दोन महिन्यांत प्रत्यक्ष जावं. बाई दारापाशी थांबून पहिलं वाक्य पुरं होईपर्यंत ऐकत राहिली आणि गेली.

महिनाभरात जे व्हायचं ते झालं. वर्तमानपत्रात पूर्व भागाची रेघ आली, तिच्यावर दोन दिवस आरडाओरडा झाला. बाईची नेमणूक तीन वर्षांऐवजी एकाच वर्षासाठी वाढली. मुकादमबाईच्या तिसऱ्या अर्जाला उत्तर आलं. नकारच, पण या वेळी 'घट आढळून येत नाही' असं नव्हतं. 'घट नऊ पूर्णांक पंच्याऐंशी टक्के असून निकषापेक्षा किंचित कमी आहे. पुढील तक्त्यानंतर नव्याने अर्ज करावा.' ते पत्र राखणदाराने वाचलं होतं, त्यानेच बाईला सांगितलं. मुकादमबाई स्वतः तिच्याशी बोलत नव्हती. रस्त्यात समोरून आली तर पलीकडच्या कडेने जायची.

बाईच्या डोक्यात मात्र ब्रशांचा कारखाना घर करून बसला होता. म्हातारा म्हणाला होता, हा महिना कसाबसा. ते नऊ जण घरी गेले तर दोनशे सहा होतात. हिशेब असा सरळ होता आणि तो तिच्या मनात आला की तिला स्वतःचीच शिसारी यायची. नऊ जणांचं वाईट व्हायची वाट बघत बसायचं? ती वाट बघत नव्हती, हे ती मनाला बजावायची. मग महिना संपत आल्यावर एके दिवशी, मोजणीचं काही काम नसताना, ती तिकडून उगाच चक्कर मारून आली. आत नऊ जण जुड्या बांधत होते. तिला बरं वाटलं. घरी येईपर्यंत तिला रडू आलं. दोन्ही गोष्टी खऱ्या होत्या, आणि त्यांची बेरीज करायची रीत तिला तेवीस वर्षांत कोणी शिकवली नव्हती.

नऊ तारखेच्या संध्याकाळी दार वाजलं. सासूबाई ओरडल्या, "उघडंच आहे!" मुकादमबाई आत आली आणि उंबऱ्याच्या आतच उभी राहिली.

"उद्या दहा तारीख," ती म्हणाली.

"हो."

"मी अजून तुम्हाला माफ केलेलं नाही. फोनचंही नाही आणि जिन्याचंही नाही."

"बरं."

"चौसष्टही पायी करणार का या वेळी?"

"चौसष्टही."

"मग माझ्याकडे अजून तीन पत्ते आहेत. तुमच्या यादीतल्याच कारखान्यांचे, पण माणसं दुसऱ्या गाळ्यात बसवलेली. एका ठिकाणी वाढलीत आणि दोन ठिकाणी गेलीत. वाढलेलं पण सांगतेय. नाहीतर म्हणाल, मुकादमीण सोयीचं तेवढं सांगते."

बाईने मान हलवली.

"किती वाजता निघायचं?" मुकादमबाईने विचारलं.

"सातला. चढ आधी करू, ऊन व्हायच्या आत. मग जिने."

"डबा आणते माझा," असं म्हणून ती वळली आणि पायऱ्या धाडधाड उतरून गेली.

"कोण गं ती?" सासूबाईंनी विचारलं. "बसली नाही ती."

"उद्या येतेय माझ्याबरोबर."

"मग मला सांगायचं तरी, चहा टाकला असता. बरं, ते मटार राहिलेत तुझे. मी निम्मे सोललेत, माझी बोटं दुखली."

बाईने परात पुढे ओढली, दुखरा पाय लांब केला आणि एक शेंग उचलून अंगठ्याने दाबली.